ताकातला जिवाणू आणि रिकामा खिसा

ताक-चीज घडविणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या निरुपद्रवी जिवाणूकरवी हिवतापाच्या परजीवीचे प्रथिन निर्माण करून ते उंदरांना पाजले असता त्यांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात, हे प्रयोगांनी दाखविले आहे. सुईवाचून देता येणाऱ्या लसीची ही वाट. जठरातील आम्लाचा अडथळा खरा; पण तो ओलांडण्यास पैसा कोण देणार?

२०२३ साली हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतील ९५ टक्के आफ्रिकेतील, व तेथील बहुसंख्य बळी पाच वर्षांखालील बालके. बाजाराच्या लेखी हा ग्राहकच नव्हे! करोनाची लस वर्षभरात आली. हिवतापाच्या पहिल्या लसीचे काम १९८७ मध्ये सुरू झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळण्यास २०२१ उजाडले. परजीवी विषाणूहून गुंतागुंतीचा आहे, हे मान्य. परंतु चौतीस वर्षांचा सारा हिशेब त्याच्या माथी मारता येणार नाही.

आजच्या लसी चार वेळा टोचाव्या लागतात, शीतपेटीतून न्याव्या लागतात. रस्ता नसलेल्या खेड्याला हे कसे परवडावे? म्हणूनच पाजण्याच्या लसीचे संशोधन सार्वजनिक निधीतून झाले पाहिजे आणि त्याचे फळ पेटंटच्या कुलपाबाहेर राहिले पाहिजे. नफ्याची वाट पाहणारे विज्ञान मुलांना वाचवीत नसते.