धर्माचा तास कोण घेणार?

तळेगावजवळच्या आंबी येथील शाळेत 4 जुलै 2023 ला, मंगळवारी, मुख्याध्यापकांच्या मागे जमाव धावला. त्यांना मारहाण झाली, अंगावरचा शर्ट फाडला गेला आणि धर्मरक्षणाचे हे कार्य मोबाइलवर रीतसर चित्रितही झाले. कारण काय, तर सकाळच्या परिपाठात ख्रिस्ती वळणाची प्रार्थना म्हटली जात होती. स्वच्छतागृहाजवळच्या कॅमेऱ्यांचीही तक्रार आहे. ती गंभीर आहे, तिचा तपास पोलिसांनी करावा. पण शाळेच्या आवारात शिरून शिक्षकावर हात टाकण्याचा परवाना ना त्या तक्रारीने मिळतो, ना प्रार्थनेने.

मुद्दा प्रार्थनेचाच असेल तर पालकांची बाजू कायद्याने भक्कम आहे. राज्यघटनेच्या 28 व्या अनुच्छेदानुसार कोणत्याही मान्यताप्राप्त शाळेला पालकांच्या संमतीविना मुलाला उपासनेला उभे करता येत नाही. एक लेखी हरकत पुरेशी होती. मात्र हाच नियम सरस्वतीवंदनेला आणि गायत्री मंत्रालाही लागू होतो, हे शर्ट फाडणाऱ्यांना कोणी सांगितले आहे काय? असो.

आमचा प्रश्न वेगळा आहे. प्रार्थना म्हणायला लावणे ही एक गोष्ट आणि धर्मांविषयी शिकवणे ही दुसरी. आंबीच्या मारहाणीने घाव घातला आहे तो या दुसऱ्या गोष्टीवर. हिंजवडी, मारुंजी, माण, वाकड या पट्ट्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक आता काय करतील हे सांगायला ज्योतिषी नको. हिंजवडी आणि आंबी एकाच पोलीस आयुक्तालयात येतात आणि चित्रफीत सगळ्यांनी पाहिली आहे. वर्गात धर्माचा विषय निघाला की ‘पुढचा धडा काढा’ हेच धोरण ठरणार. आणि शाळेने सोडलेला हा तास दुसरे कोणीतरी घेणार. तसा तो सुरू आहेच. 2023 च्याच मे महिन्यात अकोल्यात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल पेटली, माणूस मेला. जूनमध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या औरंगजेबावरच्या व्हॉट्सॲप स्टेटसने शाहू महाराजांचे शहर पेटवले. त्यावर गृहमंत्री औरंगजेबाच्या ‘औलादी’ मोजत बसले. त्या मुलांना औरंगजेब कोणी शिकवला आणि किती शिकवला, हे कोणालाच विचारावेसे वाटले नाही.

शाळेने हे शिकवायचे तरी कसे? जाड पुस्तकांची गरज नाही, रोजचे वर्तमानपत्र पुरते. 2023 चा एप्रिलच घ्या. 6 तारखेला चैत्र पौर्णिमा होती. हिंजवडीच्या म्हातोबाचे बगाड त्या दिवशी निघते, पाठीत गळ टोचून घेतलेल्या गळकऱ्याला घेऊन वाकडपर्यंत जाते. आयटी पार्कसाठी देशभरातून येथे आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना त्यातले एवढेच समजते, की रस्ता बंद आहे. दुसऱ्याच दिवशी गुड फ्रायडे होता. फिलिपिन्समध्ये करोनाकाळाच्या खंडानंतर त्या वर्षी पुन्हा काही भाविकांनी स्वतःला क्रुसावर खिळवून घेतले आणि त्याची छायाचित्रे जगभर छापून आली. मोहरमला छाती बडवत जाणारे शिया आपल्याकडे दिसतातच. नवस, देहदंड, परंपरा, अंधश्रद्धा यांवर सातवी-आठवीच्या वर्गात तासभर घमासान चर्चा व्हावी इतके यात आहे. शिवाय बगाड आणि गुड फ्रायडे असे लागोपाठ का आले? ईस्टरचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो म्हणून. म्हातोबाचा आणि येशूचा चंद्र एकच निघाला!

आंबीच्या आदल्या आठवड्यातले उदाहरण तर आणखी ठसठशीत. आषाढी एकादशी आणि बकरी ईद सलग दुसऱ्या वर्षी एकाच दिवशी आल्या. अनेक गावांत मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न देण्याचा निर्णय आपणहून घेतला. बातमी वाचून वाचक सद्गदित झाले आणि विषय संपला. शिक्षकाचे काम मात्र येथून सुरू होते. एकादशी शुद्ध पक्षातली अकरावी तिथी, ईद चंद्रदर्शनापासूनचा दहावा दिवस, म्हणून दोन्ही एकत्र येऊ शकतात. पण आपल्या पंचांगात अधिक महिना आहे, इस्लामी कालगणनेत नाही. 2023 मध्ये 18 जुलैपासून अधिक श्रावण लागला. त्यामुळे 2024 मध्ये आषाढी जुलैच्या मध्यावर गेली, ईद जूनच्या मध्यावर आली आणि ही गाठ सुटली. आता कुर्बानीमागची इब्राहिमची कथा पाहा. ज्यू आणि ख्रिस्ती ग्रंथांत तो मुलगा इसहाक आहे, कुराणात त्याचे नावच नाही, तर मुस्लिम परंपरा बहुतांशी इस्माईल मानते. तीन धर्म एकाच कथेवर उभे आहेत आणि तपशिलावरून वेगळे होतात, हे बारा वर्षांच्या मुलाला नक्की समजते. मग त्याच आठवड्यातली मीरा रोडची बातमी वाचायला द्यावी. रहिवाशाने घरी दोन बकरे आणले, येथे कापायचे नाहीत असे तो सांगत होता, तरी सोसायटीत हनुमान चालिसा सुरू झाली आणि पोलीस आले. दोन वर्तमानपत्रे आणि एक वृत्तवाहिनी या घटनेला कोणते मथळे देतात, ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहावे. त्र्यंबकेश्वर मंदिराच्या पायरीवर मुस्लिमांनी धूप दाखवण्याच्या वादाचेही तसेच. जुनी प्रथा की घुसखोरी? दोन्ही बाजू वाचा, मग बोला. यात कोणाचा धर्म बाटतो?

हे आमचे पुरोगामी खूळ नव्हे. 1966 साली कोठारी आयोगाने धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत स्पष्ट भेद केला आणि दुसऱ्याचा अभ्यासक्रमात समावेश करण्याची शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. त्यांची भारतीय शिक्षण संस्था आजही कोथरुडात उभी आहे. 1999 मध्ये शंकरराव चव्हाण यांच्या संसदीय समितीने सर्व धर्मांची मूलतत्त्वे शाळेत शिकवावीत असे सांगितले. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात असा अभ्यास घटनाबाह्य नाही असा निर्वाळा दिला. म्हणजे आयोग हो म्हणतो, संसद हो म्हणते, न्यायालय हो म्हणते. नाही म्हणतो तो जमाव. आणि सरकार ऐकते जमावाचे. महात्मा फुल्यांनी एकाच घरात बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान आणि सत्यधर्मी माणसे प्रेमाने नांदतील असे कुटुंब कल्पिले, साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर पुस्तक लिहिले, विनोबांनी कुराणाचे सार काढले. आज त्यांच्यापैकी एखादा आंबीच्या शाळेत नोकरीला असता तर त्याच्या अंगावर सदरा राहिला असता काय?

हिंजवडीकरांना या प्रकरणातला दुटप्पीपणा इतरांपेक्षा लवकर समजायला हवा. येथल्या कंपन्यांतून ऑनसाइट गेलेल्यांची मुले इंग्लंडच्या सरकारी शाळेत जातात तेव्हा तेथे धर्मशिक्षण हा विषय असतोच. त्यात दिवाळी येते, राम येतो, मंदिराची सहलही निघते. पालक त्याची छायाचित्रे कौतुकाने गावाकडे पाठवतात. तेथला कोणी ख्रिस्ती जमाव मुख्याध्यापिकेचे कपडे फाडत नाही, हे गृहीतच असते. कॅलिफोर्नियात 2005-06 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये पाठ्यपुस्तकांतील हिंदू धर्माच्या चित्रणावर भारतीय पालकांनी हरकती घेतल्या. त्या बरोबर होत्या की चूक हा वाद वेगळा. पण त्या लेखी होत्या, सुनावण्यांत मांडल्या गेल्या, न्यायालयातही गेल्या. परदेशात अर्ज आणि मायदेशी हाणामारी, ही कोणती संस्कृती?

राज्यकर्त्यांना या सगळ्याला वेळ नाही. आंबीच्या दोनच दिवस आधी राजभवनात नव्या मंत्र्यांचा शपथविधी होता. कोण कोणाच्या पक्षात आहे हेच तेव्हा ठरायचे होते. दिल्लीत एनसीईआरटीने बारावीच्या इतिहासातून मुघल दरबाराचे प्रकरण वगळले. पुस्तकातून मुघल जातात आणि स्टेटसमधून परत येतात. मधल्या जागेत असायला हवा तो शिक्षक, आणि त्यालाच पळवून लावले जात आहे.

तेव्हा दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. बेकायदा जमाव आणि दंगल हे दखलपात्र गुन्हे आहेत. मुख्याध्यापकांनी तक्रार दिली की नाही याची वाट न पाहता पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चित्रफितीत दिसणाऱ्या प्रत्येकाला पकडावे. आणि शालेय शिक्षणमंत्र्यांनी एक पानाचे परिपत्रक काढावे: उपासना सक्तीची नाही, कोणत्याच धर्माची, पण सर्व धर्मांविषयी, बातम्या हाती घेऊन, वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी शासन उभे राहील. परिपत्रके काढण्यात हे खाते पटाईत आहे. हेही काढावे, आणि त्यावर मंत्र्यांची सही असावी, अवर सचिवाची नव्हे.