गर्भवतीचा रक्तदाब आणि परिचारिकेचा अधिकार

गर्भारपणी पाय सुजणे ही गोष्ट भारतीय घरांतून इतकी परिचयाची आहे की तिची कोणी दखल घेत नाही. आणि बहुतेक वेळा ती निरुपद्रवीही असते. वाढणारा रक्तदाब मात्र डोळ्यांना दिसतच नाही. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० किंवा त्याहून अधिक झाला व त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागली, अथवा यकृत, मूत्रपिंडे वा रक्तातील प्लेटलेट यांवर परिणाम झाला, म्हणजे त्या विकारास प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. पुढे आकडी आली की तो एक्लॅम्प्सिया. त्याचे मूळ वारेच्या सदोष रुजण्याशी निगडित असल्यामुळे प्रसूतीवाचून त्यास खरा उतारा नाही.

मग प्रसूतीपर्यंतचा काळ राखायचा कोणी? डॉक्टर येऊन तपासून जातात. खाटेपाशी राहते ती परिचारिका. रक्तदाब मोजणे हे क्षुल्लक काम समजले जाते, हीच मोठी चूक होय. गर्भवतीस पाच मिनिटे स्वस्थ बसवावे, पाठीला आधार द्यावा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि पट्टा दंडाच्या मापाचा घ्यावा. पट्टा अरुंद असला तर आकडा खोटाच चढतो. बाहेर रांग लांबलेली असली की यातले पहिले कापले जाते ते पाच मिनिटांचे स्वास्थ्य. नोंदवहीत एकाखाली एक १२०/८० हेच आकडे दिसले, तर ते गर्भवतींच्या आरोग्याचे लक्षण नसून मोजणाऱ्याच्या घाईचे लक्षण मानावे. डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, छातीखाली पोटात कळा येणे, या तक्रारी स्त्रिया आपण होऊन क्वचितच सांगतात. त्या विचाराव्या लागतात, आणि विचारण्यास वेळ लागतो.

आकडीवरील औषधाचा इतिहास बोधप्रद आहे. मद्रास येथील डॉ. कृष्ण मेनन यांनी क्लोरप्रोमझिन, प्रोमेथझिन व पेथिडीन यांच्या मिश्रणाचा उपचार १९६१ मध्ये प्रसिद्ध केला व भारतात तो दीर्घकाळ रूढ होता. १९९५ मध्ये भारतासह अनेक देशांत झालेल्या तुलनेत मॅग्नेशियम सल्फेट हे डायझेपाम व फेनिटॉइन यांहून सरस ठरले. २००२ मध्ये तेहतीस देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासात त्याने आकडीचा धोका निम्म्याहून कमी केला. औषध स्वस्त आहे; पण त्याची मात्रा अंगात अधिक साठली तर प्रथम गुडघ्याचा झटका नाहीसा होतो, नंतर श्वास मंदावतो. म्हणून प्रत्येक पुढील मात्रेपूर्वी गुडघ्यावर टिचकी मारून पाहावी, श्वास मिनिटास सोळांहून कमी नाहीत हे मोजावे, लघवी तासाला निदान तीस मिलिलिटर होते याची खात्री करावी, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी असावे. एकाच परिचारिकेवर सारा कक्ष सोपवून हे औषध चालू करणे म्हणजे अर्धाच उपचार करणे होय.

खेड्यातील उपकेंद्राची गोष्ट याहून कठीण. तेथील आरोग्यसेविकेस मोठ्या रुग्णालयाकडे पाठविण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, टोचण्याची मुभा शासकीय मार्गदर्शनाने दिलेली आहे. परंतु काही विपरीत घडले तर बोल तिलाच लागेल, या भीतीने हात आखडला तर ती मुभा कागदावरच राहते. सरावाची संधी आणि नियमाप्रमाणे वागल्यास पाठीशी उभे राहणारा वरिष्ठ, या दोन गोष्टींवाचून अधिकार दिला असे म्हणता येत नाही. वाटेतील खाचखळगे व वाहनाची वाट पाहण्यात गेलेले तास आकडी काही मोजत बसत नाही.

मूल झाले की घरच्यांना धोका टळल्यासारखे वाटते. वस्तुतः प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत रक्तदाब पुन्हा चढू शकतो आणि आकडीही येऊ शकते. नेमकी याच सुमारास बाळंतीण घरी गेलेली असते. नवजात बालकाची पाहणी करण्यास आशा कार्यकर्ती तिसऱ्या व सातव्या दिवशी घरी जातेच. गर्भारपणी ज्यांचा दाब चढला होता अशा मातांच्या घरी त्याच दोन दिवशी आरोग्यसेविकेनेही रक्तदाबाचे यंत्र घेऊन जावे आणि आकडा बाळाच्या वजनाशेजारी लिहावा.