सूट कुणाला आणि कुणाला विचारून?



न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारे 55 किलोमीटरवर, हडसन नदीच्या पूर्व काठी इंडियन पॉइंट हे अणुवीज केंद्र आहे. तिथली शेवटची अणुभट्टी 30 एप्रिल 2021 रोजी कायमची बंद झाली. बंद पडलेल्या केंद्राविषयी आज लिहावे असे आम्हांला वाटले, ते तिथल्या एका जुन्या सवलतीमुळे. ती सवलत चोवीस मिनिटांची होती.

गोष्ट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मार्च 1975 मध्ये अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी केंद्रात एक कामगार भिंतीतून जाणाऱ्या केबलींभोवतीची फट तपासत होता. हवा गळते की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या हाती पेटती मेणबत्ती होती. तिच्या ज्योतीने फटीत भरलेला फोम पेटला. आग सुमारे सात तास जळत राहिली आणि सोळाशेहून अधिक केबली निकामी झाल्या. अणुभट्टी सुरक्षित बंद करणारी मुख्य यंत्रणा आणि तिच्या मदतीची पर्यायी यंत्रणा, दोन्हींच्या तारा एकाच वाटेने जात असतील तर एक ज्योत दोन्ही हिरावून घेऊ शकते, हे त्या दिवशी दिसले. त्यातून 1980 मध्ये अणुऊर्जा नियामक आयोगाने अग्निसुरक्षेचे सक्त नियम केले. दोन्ही यंत्रणांच्या केबली एकमेकींपासून पुरेशा अंतरावर तरी ठेवाव्यात, नाहीतर त्यांच्यामध्ये तीन तास टिकणारे आवरण तरी असावे. आग ओळखण्याची व विझवण्याची स्वयंचलित सोय असेल तर एक तास टिकणारे आवरण चालेल, असा त्यांचा आशय.

इंडियन पॉइंटच्या तिसऱ्या अणुभट्टीत केबलींभोवती ‘हेमिक’ नावाचे आवरण होते. ते तासभर टिकते असे मानले जात होते. 2005 मध्ये झालेल्या चाचण्यांत ते तेवढे टिकत नाही असे आढळले. आवरण बदलण्याऐवजी केंद्र चालवणाऱ्या एंटर्जी कंपनीने नियमातूनच सूट मागितली आणि 2007 मध्ये आयोगाने ती दिली. एका विभागात तीस मिनिटे पुरेशी ठरली, दुसऱ्यात चोवीस. त्या जागी जळण्याजोगे साहित्य फारसे नाही, आग लागलीच तर ती ओळखण्याची आणि विझवण्याची साधने आहेत, असे आयोगाचे म्हणणे होते. अभियंते म्हणून आम्ही हा युक्तिवाद हसण्यावारी नेणार नाही. चोवीस मिनिटे खरोखरच पुरेशी असू शकतात.

प्रश्न मिनिटांचा नव्हता. अमेरिकेत 1970 पासून राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा लागू आहे. सरकारी यंत्रणेने महत्त्वाचा निर्णय घेण्यापूर्वी त्याचे पर्यावरणावर काय परिणाम होतील हे तपासावे, असे तो सांगतो. अणुऊर्जेच्या कारभाऱ्यांना हा कायदा मनापासून पाळावा लागेल, हे 1971 च्या काल्व्हर्ट क्लिफ्स खटल्यात न्यायालयाने बजावले होते. नियमातून सूट देणे हाही निर्णयच. म्हणून आयोग त्यासाठी एक संक्षिप्त पर्यावरणीय मूल्यमापन करतो आणि बहुतेक वेळा ‘लक्षणीय परिणाम नाही’ असा निष्कर्ष काढतो. इंडियन पॉइंटबाबतही तोच निष्कर्ष निघाला. मात्र तो काढण्याआधी केंद्राच्या आसपास राहणाऱ्या माणसांना कुणी काही विचारले नाही. ऐंशी किलोमीटरच्या परिघात दीड कोटीहून अधिक लोक राहतात, त्या केंद्राची ही गोष्ट.

न्यूयॉर्क विधानसभेचे सदस्य रिचर्ड ब्रॉडस्की यांनी दावा गुदरला. 2009 मध्ये अपील न्यायालयाने, हा दावा आधी जिल्हा न्यायालयात चालवावा लागेल, असे सांगितले. तिथे आयोगाच्या बाजूने निकाल लागला. पुन्हा अपील झाले आणि जानेवारी 2013 मध्ये न्यायालयाने तांत्रिक आक्षेप बहुतेक सारे फेटाळले, पण एका मुद्द्यावर आयोगाला अडवले: लोकांचा सहभाग शक्य तेवढा घ्यावा असे नियम सांगत असताना तो का घेतला नाही, याचे कारण आयोगाने कुठेच नोंदवलेले नव्हते. प्रकरण आयोगाकडे परत गेले. मग अभिप्राय मागवण्यात आले, ते वाचण्यात आले आणि सूट कायम ठेवण्यात आली.

येथे काही वाचक म्हणतील, एवढे सारे करून मिळवले काय? आम्हांला वाटते, पुष्कळ मिळवले. आमच्या धंद्यातसुद्धा नियमाला अपवाद करावा लागतो. सुरक्षेची एखादी अट तात्पुरती शिथिल करायची तर अर्ज लिहावा लागतो आणि त्यावर जोखीम कुणाची, त्याचे नाव टाकावे लागते. (‘तात्पुरती’ शिथिल केलेली अट पाच वर्षांनीही तशीच असते, हे सांगायला नको.) अणुवीज केंद्राच्या सवलतीत जोखीम वाहणारा माणूस कुंपणाबाहेर राहतो. अर्जावर त्याचे नाव नसते. त्याला निदान अर्ज दाखवावा, एवढेच त्या निकालाने मागितले.

‘सवलत’ हा शब्द आपल्या कानांना परका नाही. शाळेपासून नोकरीपर्यंत तो आपल्यावर टोमणा म्हणून फेकला गेला आहे. प्रतिनिधित्वाच्या हक्काला लोक सवलत म्हणतात आणि नियमाच्या एका तासातून छत्तीस मिनिटे वजा करून घेणाऱ्या कंपनीला कुणी सवलतीवर जगणारी म्हणत नाही. आपल्याविषयीचे निर्णय आपल्या अनुपस्थितीत होऊ नयेत, ही बाबासाहेबांची मागणी साउथबरो समितीपुढे होती आणि गोलमेज परिषदेतही होती. हडसनकाठच्या रहिवाशांची मागणी तिच्याहून फार वेगळी नाही. विजेला आमचा विरोध आहे असाही अर्थ कुणी काढू नये. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज स्वस्त आणि मुबलक असावी, असा आग्रह बाबासाहेबांनीच धरला होता. वीज हवी, मात्र ती ज्यांच्या अंगणात तयार होते, त्यांना माहिती देऊन.

आता वारे उलट दिशेने वाहत आहे. अनेक प्रकारच्या सवलतींना विशिष्ट अटींवर पर्यावरणीय मूल्यमापनातून आयोगाने 2010 मध्येच वगळले. कायमच्या बंद झालेल्या केंद्रांना कुंपणाबाहेरच्या आणीबाणी नियोजनातून सूट देणे आता नेहमीचे झाले आहे; व्हरमॉन्ट यांकी केंद्राच्या वेळी खुद्द त्या राज्याने हरकत घेतली होती, तरी सूट मिळाली. मे 2025 मध्ये निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने आयोगाला आपले नियम मुळापासून नव्याने लिहायला सांगितले आहे आणि नव्या अणुभट्टीच्या अर्जावर अठरा महिन्यांत निर्णय द्यायला बजावले आहे. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, पर्यावरणीय मूल्यमापनाच्या बाबतीत न्यायालयांनी सरकारी यंत्रणांच्या निर्णयाचा मोठा मान राखावा, असा निकाल दिला. त्याआधी पर्यावरण गुणवत्ता परिषदेचे जुने नियम मागे घेण्यात आले होते. 2013 च्या निकालाला ज्या नियमांचा आधार होता, त्यांत हे नियमही होते. ब्रॉडस्की यांनी उघडलेले दार अशा रीतीने पुन्हा लोटले जात आहे.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात राहतात. सेलम, होप क्रीक आणि लिमरिक ही केंद्रे आजही चालू आहेत. केंद्राच्या दहा मैलांत घर असेल, तर आणीबाणीत काय करावे याची माहिती दरवर्षी घरी येते. ती जाहिरातींच्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नये. नियम आणि सवलतींविषयीच्या सूचना संघराज्याच्या राजपत्रात छापल्या जातात. अभिप्राय मागवले असतील, तर ते पाठवण्यासाठी नागरिकत्व लागत नाही आणि वकीलही लागत नाही. व्हिसावर असलेल्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे, कारण ‘हे आपले काम नाही’ असा समज आम्हांला त्यांच्यातच अधिक आढळतो. कोणत्या नियमातून, केंद्राच्या कोणत्या भागासाठी, किती काळ सूट हवी, तिच्या बदल्यात काय सोय केली आणि दहा मैलांत कोण राहते, एवढे विचारले तरी आयोगाला ते नोंदीत घ्यावे लागते. रविवारच्या बुद्धवंदनेनंतर चहा घेता घेता अशी एखादी सूचना मिळून वाचायला अर्धा तास पुरेल.