मांस तुमचं, हाडं कुणाची?

‘मांस तुमचं, हाडं आमची’ असं सांगून मूल उस्तादच्या हवाली करणारे पालक आपल्यात आजही आहेत. मला हा सौदाच मान्य नाही. तो कुठवर जातो, हे रशियाच्या फिगर स्केटिंगमध्ये दिसतं.

मॉस्कोच्या प्रशिक्षक एतेरी तुतबेरिद्झे कडक शिस्तीसाठी जगभर ओळखल्या जातात. त्यांच्या हाताखाली घडलेल्या युलिया लिपनित्स्कायाने २०१४ मध्ये, १५ व्या वर्षी, सांघिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. १९ व्या वर्षी ती निवृत्त झाली. कारण होतं अ‍ॅनोरेक्सिया. २०२२ मध्ये बीजिंगला डोपिंग प्रकरणाच्या दडपणाखाली १५ वर्षांची कामिला वालियेवा पुन्हा पुन्हा पडली. बर्फावरून बाहेर येताच प्रशिक्षकांचा प्रश्न होता : लढणं का सोडलंस? २०२४ मध्ये क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली, तीही वालियेवावरच. जिंकलं की गुरूचं नाव, हरलं की मूल एकटं!

‘धाकाशिवाय यश नाही’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं : शिस्त हवीच, पण ‘दुखतंय’ म्हणण्याची सोय नसेल तर ती शिस्त नव्हे, दहशत आहे. बीजिंगनंतर वरिष्ठ स्पर्धांची किमान वयोमर्यादा १५ वरून १७ करावी लागली, ती उगाच नाही.

मित्र-मैत्रिणींनो, धाकटी भावंडं क्लासमधून, मदरशातून, मैदानावरून घरी आली की मार्क नंतर विचारा. आधी विचारा, ‘तिथे तुला नाही म्हणता येतं का?’