बंद शाळांच्या काळातील अनुभवधन

औरंगपुरा ही छत्रपती संभाजीनगरची विद्येची पेठ आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. सरस्वती भुवनची शाळा-महाविद्यालये येथे आहेत, वह्या-पुस्तकांची दुकाने येथे आहेत आणि जिल्ह्यातील शेकडो प्राथमिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या जिल्हा परिषदेचे ठाणेही येथेच आहे. मार्च २०२० मध्ये या पेठेतील शाळांच्या घंटा थांबल्या. राज्यातील पहिली ते चौथीचे वर्ग तर त्यानंतर डिसेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस महिने, रीतसर भरलेच नाहीत. त्या काळाबद्दल आजवर पुष्कळ लिहिले व बोलले गेले. परंतु त्या वीस महिन्यांत वर्गशिक्षकाला नेमके काय हवे होते, त्याला काय मिळाले, आणि त्याने स्वतःच्या बुद्धीने जे शोधून काढले त्याचे पुढे काय झाले, या तीन प्रश्नांचा हिशेब मात्र अद्याप कोणी मांडलेला नाही. तो मांडला जाणे अगत्याचे आहे. कारण २०२० साली पहिलीत प्रवेश घेतलेले मूल आज उच्च प्राथमिक वर्गात बसले आहे आणि त्याच्या पायातील कच्चेपण घेऊनच ते पुढे चालले आहे.

साहित्याचा महापूर

साधनांची वाण होती, अशी तक्रार करता येणार नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा करून जून २०२० मध्ये नवे शैक्षणिक वर्ष आरंभले गेले. 'दीक्षा' हे शैक्षणिक व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध होतेच. पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड टिपला की धड्याशी संबंधित चित्रफीत उघडत असे. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखविली गेली. बालभारतीची पुस्तके महाजालावरून विनामूल्य उतरवून घेता येत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर 'स्वाध्याय' नावाची प्रश्नमालिका आली. अभ्यासक्रमात पंचवीस टक्के कपात झाली. केंद्र शासनाने 'प्रज्ञाता' या नावाने मार्गदर्शक सूचना काढून पहिली ते आठवीसाठी दिवसाला फार तर दोन, आणि नववी ते बारावीसाठी चार तासिका घ्याव्यात, प्रत्येक तासिका तीस ते पंचेचाळीस मिनिटांची असावी, असे बंधन घातले. ही सूचना शहाणपणाची होती, हे मान्य केले पाहिजे.

हे सारे करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. असे संकट कोणीच पूर्वी अनुभवले नव्हते. परंतु साहित्य पुण्या-मुंबईत तयार होणे आणि ते फुलंब्री, सिल्लोड, सोयगावच्या वस्तीवरील मुलाच्या हाती पडणे, या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे. 'असर' या ग्रामीण भारताच्या पाहणीने सप्टेंबर २०२० मध्ये दूरध्वनीवरून चौकशी केली, तेव्हा देशात शाळेत नाव असलेल्या सुमारे बासष्ट टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. २०१८ साली हेच प्रमाण सुमारे साडेछत्तीस टक्के होते. पण त्याच पाहणीत असेही दिसले की, चौकशीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले जेमतेम एक तृतीयांश होती. म्हणजे फोन घरात आला, तरी पाठ घरात आला नाही. फोन असतो वडिलांच्या खिशात, वडील असतात कामावर, आणि डेटा संपलेला असतो महिनाअखेरीला. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे तर विचारायलाच नको.

याच पाहणीतील आणखी एक आकडा फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. चालू इयत्तेची पाठ्यपुस्तके मात्र ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांच्या घरी होती. ज्याला बॅटरी लागत नाही, रेंज लागत नाही आणि जे धाकट्या भावंडालाही उलगडता येते, असे साधन घरोघर असताना, त्याच्या आधारे घरी अभ्यास कसा करून घ्यावा हे शिक्षकांना व पालकांना सांगणारी सूचना दुर्मीळ होती. चकचकीत साधनाच्या मागे धावताना हाताशी असलेले साधन विस्मरणात जावे, ही आपल्या शिक्षणव्यवस्थेची जुनी खोड आहे.

शिक्षकांनी काढलेली वाट

जेथे साधने पोचली नाहीत तेथे शिक्षक पोचले. सर्वच पोचले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. एका गटावर आलेली चित्रफीत दुसऱ्या गटावर धाडून दिली की आपले अध्यापन झाले, असे मानणारेही काही होते. परंतु ज्यांनी पदरमोड करून, स्वतःच्या बुद्धीने मार्ग काढला, त्यांची संख्या लहान नव्हती. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत आशा मराठी विद्यालयाने घरांच्या सुमारे तीनशे भिंतींवर धडे रंगविले. मुलांनी अंतर राखून गल्लीतून फिरावे आणि भिंत वाचावी, अशी ती योजना होती. पारावर, मंदिराच्या ओसरीवर, शेतातल्या झाडाखाली चार-चार, पाच-पाच मुलांना बसवून शिकविण्याचे प्रयोग गावोगाव झाले. कोणी लाऊडस्पीकर वापरला, कोणी हाताने लिहिलेल्या स्वाध्यायपत्रिका दर सोमवारी घरपोच केल्या आणि शनिवारी तपासायला परत आणल्या.

फार दूर जाण्याचेही कारण नाही. या शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरील गाडीवाट येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत मुले टाळेबंदीच्या काळातही जपानी भाषा शिकत होती, ही वार्ता २०२० साली देशभर गाजली. वार्तेचे आकर्षण जपानी भाषेचे होते. परंतु शिक्षकांच्या दृष्टीने त्यातील खरा बोध निराळाच आहे. सर्व मुलांकडे स्मार्टफोन नव्हते, म्हणून ज्यांना ऑनलाइन पाठ मिळाला त्या मुलांनी तो इतरांना शिकवावा, अशी 'विषयमित्रा'ची पद्धत तेथे अवलंबिली गेली. एका फोनवर अनेक मुले शिकू शकतात, आणि शिकविणारे मूल स्वतः दुप्पट शिकते, हे या साध्या युक्तीने दाखवून दिले. तिला ना निधी लागला, ना निविदा.

सोलापूर जिल्ह्यातीलच परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोडच्या कल्पनेचा आरंभ त्यांच्याच वर्गातून झाला होता. तात्पर्य, ज्या साधनाचा पुढे राज्यभर प्रसार झाला तेही मुळात एका वर्गशिक्षकाच्या डोक्यातून निघाले होते.

माहिती मागविणारी व्यवस्था

असे असताना शिक्षकांना व्यवस्थेकडून काय मिळाले? मार्गदर्शनापेक्षा प्रपत्रेच अधिक मिळाली. किती मुले ऑनलाइन आहेत, किती ऑफलाइन आहेत, किती चित्रफिती पाहिल्या, किती चाचण्या झाल्या, हे आकडे सायंकाळपर्यंत पाठवा. नमुना बदलला आहे, पुन्हा पाठवा. या प्रपत्रांखाली केवळ शिक्षकच वाकला असे नव्हे. पंचायत समितीतील लिपिकही वाकला. वरून आलेला तक्ता खाली धाडणे आणि खालून आलेला आकडा वर चढविणे, एवढेच काम उरलेल्या त्या लिपिकाला त्या आकड्यामागचे मूल दिसणार कसे?

त्यातच सर्वेक्षणाची, तपासणी नाक्यांची, धान्यदुकानांवरील देखरेखीची कामे शिक्षकांकडे आली. सप्टेंबर २०२० मधील 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेतही शिक्षक दारोदार हिंडले. साथीच्या काळात समाजाच्या सेवेला शिक्षकाने मागे राहू नये, हे तत्त्व कोणीही मान्य करील. औरंगपुऱ्यातील ज्या चौकाला महात्मा फुल्यांचे नाव आहे, तेथून जाणाऱ्याला सावित्रीबाईंचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने त्यांना १० मार्च १८९७ रोजी मृत्यू आला. कोरोनाच्या काळातही अनेक शिक्षकांनी प्राण गमावले. परंतु सेवा वेगळी आणि बिगारी वेगळी. सेवेत माणसाच्या बुद्धीला व जिव्हाळ्याला वाव असतो. बिगारीत फक्त त्याची पावले मोजली जातात.

परीक्षांचेही असेच झाले. २०२१ साली दहावीची परीक्षा रद्द करून अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला गेला आणि तो ९९.९५ टक्के लागला. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता, हे खरे. पण निकाल लागला म्हणून अभ्यास झाला असे नव्हे, हे शिक्षकांइतके कोणालाच ठाऊक नव्हते. जुलै २०२१ मध्ये पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. कल्पना योग्य होती. परंतु बहुतेक शाळा तेव्हा बंदच होत्या, आणि ज्या दरीची रुंदीच मोजली नव्हती तिच्यावर सर्वत्र सारख्याच लांबीचा पूल टाकला गेला.

त्या दरीची रुंदी पुढे कळली. तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, त्यांचे देशातील ग्रामीण भागातील प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांवर आले. घसरण भरून निघाली, असे म्हणून समाधान मानणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, २०२४ साली तिसरीत असलेली मुले वेगळी आणि २०२२ साली घसरलेली मुले वेगळी. ती घसरलेली मुले पुढच्या वर्गात गेली आहेत. दुसरी ही की, चारपैकी जवळजवळ तीन मुलांना वाचता न येणे ही साथीपूर्वीचीच स्थिती होती. तेथे परत येणे म्हणजे गड जिंकणे नव्हे.

पुढच्या वेळेसाठी

मग वर्गशिक्षकाने यातून काय घ्यावे? अनुभवी शिक्षकांच्या त्या काळातील कामातून काही साध्या गोष्टी निश्चित हाती लागतात. शाळा सुरू असतानाच प्रत्येक मुलाच्या घरची नोंद ठेवावी: फोन कोणाचा, तो घरी केव्हा असतो, शेजारी कोणाकडे निरोप पोचेल, कुटुंब स्थलांतर करते काय. संकट आल्यावर ही माहिती गोळा करता येत नाही. शाळा पुन्हा उघडली की धडा पहिला काढण्यापूर्वी प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक उतारा वाचायला द्यावा आणि दोन गणिते तोंडी विचारावीत; नंतर इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट करून रोजचा एक तास त्या गटांना द्यावा. पाठ्यपुस्तक हेच मुख्य साधन धरून त्यावर एका पानाचा स्वाध्याय तयार करावा. दहा मिनिटे फोनवर मुलाचे वाचन ऐकणे हे तासभराच्या चित्रफितीहून अधिक मोलाचे ठरते, कारण तेथे मूल बोलते आणि शिक्षक ऐकतो. निरक्षर आईलाही सांगावे की, तिला शिकविता येत नसले तरी मुलाचे वाचन रोज ऐकता येईल. आणि ज्या घरात साथीने माणूस नेला, तेथे आधी विचारपूस, मग अभ्यास.

या गोष्टी नव्या नाहीत. म्हणूनच त्या कोणी लिहून ठेवत नाही. खरी हानी तेथेच होते. ज्या शिक्षकांनी पारावर शाळा भरविली त्यांच्यापैकी कित्येक निवृत्त होत आहेत, कित्येकांच्या बदल्या झाल्या आहेत. त्यांच्या वह्या, त्यांच्या पत्रिका, त्यांच्या फसलेल्या युक्त्यासुद्धा विस्मृतीत चालल्या आहेत. शाळा बंद पडण्याचे प्रसंग काही साथीपुरतेच येत नाहीत. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील गावे पाण्याने वेढली गेली, तेव्हा हे पुन्हा प्रत्ययाला आले.

म्हणून जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था यांनी एक काम तातडीने हाती घ्यावे. केंद्राकेंद्रांतून भरणाऱ्या शिक्षण परिषदांची एक फेरी केवळ याच विषयाला द्यावी. प्रत्येक शिक्षकाला आपण काय केले, काय साधले, काय साधले नाही, हे दोन पानांत लिहू द्यावे. त्यासाठी कोणताही नमुना ठरवून देऊ नये. त्यांतून निवडक मजकुराची एक पुस्तिका काढून ती प्रत्येक शाळेच्या कपाटात ठेवावी. तिचा खर्च एखाद्या समारंभाहून कमीच येईल. आणि शाळा बंद ठेवण्याची पाळी येईल त्या दिवशी शिक्षकाला तक्ता भरायला न सांगता, ती पुस्तिका आणि आपल्या वर्गापुरता निर्णय घेण्याची मोकळीक त्याच्या हाती द्यावी. साथीने शाळा हिरावून नेली, हा दैवाचा भाग होता. तिने जे शिकविले ते हरवू देणे, हा मात्र आपलाच दोष ठरेल.