विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारला नवा क्लच… ‘जास्त ताकदीचा’ हवा की ‘मूळचा’?

मर्यादित बजेटमध्ये स्पोर्ट्स कारचा शौक करायचा, तर अमेरिका, ब्रिटन किंवा जर्मनीत जुनी माझदा एमएक्स-५ हा अनेकांचा पहिला पर्याय असतो. तिकडे नोकरीसाठी गेलेले आपले काही मित्रही या गाडीच्या प्रेमात पडतात. गाडी तिशी ओलांडलेली असते आणि कधी ना कधी क्लच बदलण्याची वेळ येतेच. तेव्हा पडणारा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो, पण तिथे केलेली चूक पुढची अनेक वर्षे पायाला जाणवत राहते.

क्लच नेमके काय काम करतो?

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील असते. क्लच प्लेट या फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये दाबून धरलेली असते. घर्षणामुळे इंजिनाचा टॉर्क गिअरबॉक्सपर्यंत जातो. पेडल दाबले की हा दाब सुटतो. क्लच किती टॉर्क पेलू शकेल हे चार गोष्टींवर ठरते : घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घर्षण करणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. एका प्लेटला दोन बाजू असल्याने ही संख्या दोन. अभियांत्रिकीच्या तोंडी परीक्षेत हे सूत्र पाठ म्हणून दाखवावे लागायचे. क्लच विकत घेताना मात्र ते खरोखर उपयोगी पडते.

एमएक्स-५ मध्ये मूळचा क्लच कोणता?

ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जगासमोर आली. सुरुवातीचे इंजिन १.६ लिटरचे होते, त्याचा टॉर्क सुमारे १३६ न्यूटन मीटर. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरचे इंजिन आले, त्याचा टॉर्क सुमारे १४९ न्यूटन मीटर. १.६ ला २०० मिलिमीटर व्यासाची क्लच प्लेट होती, तर १.८ ला २१५ मिलिमीटरची. कारखान्यातला क्लच साधारणपणे इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा २० ते ५० टक्के अधिक पेलेल असा बनवतात. म्हणजे ३० टक्के राखीव धरले, तर १.६ च्या इंजिनाला सुमारे १७७ न्यूटन मीटर क्षमतेचा क्लच पुरतो. हा आकडा लक्षात ठेवावा.

मग घोटाळा कुठे होतो?

दुकानातल्या खोक्यावर लिहिलेल्या ‘स्टेज १’, ‘स्टेज २’, ‘स्टेज ३’ या शब्दांत. यासाठी सर्वमान्य मानक नाही, प्रत्येक कंपनीची व्याख्या वेगळी. गाडी स्पोर्ट्स आहे, मग क्लचही ‘रेसिंग’चा हवा, असे ग्राहकाला वाटते आणि १३६ न्यूटन मीटरच्या इंजिनामागे ३०० न्यूटन मीटरचा क्लच बसतो. त्याने गाडी एका किलोमीटरनेही जास्त पळत नाही. क्लच ताकद निर्माण करत नाही, आलेली ताकद फक्त पुढे पोहोचवतो. मूळचा क्लच घसरत नसेल, तर त्याहून दणकट क्लच बसवून वेगात काहीही फरक पडत नाही.

फरक पडतो तो त्रासात. क्षमता वाढवायची तर दाब वाढवावा लागतो किंवा घर्षण. दाब वाढवला की पेडल जड होते आणि प्रत्येक वेळी पेडल दाबताना क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर अधिक भार येतो. घर्षणासाठी ऑरगॅनिक अस्तराऐवजी सिरॅमिक-धातूचे तुकडे लावलेली प्लेट घेतली, तर ती हळूहळू पकडत नाही, एकदम पकडते. हाफ क्लचवर गाडी सरकवणे अवघड होते, सिग्नलला गाडी थरथरते, चढावर धक्के बसतात. प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंग नसतील, तर इंजिनाचे हादरे थेट गिअरबॉक्सपर्यंत जातात. शर्यतीच्या ट्रॅकवर हे चालून जाते, रोजच्या रहदारीत नाही.

दणकट क्लच कधीच घेऊ नये का?

तसे नाही. इंजिनाला टर्बो किंवा सुपरचार्जर बसवून टॉर्क २०० न्यूटन मीटरच्या पुढे नेला असेल, तर १.६ चा मूळचा छोटा क्लच घसरणारच. तिथेही आधी व्यास वाढवावा. १.६ च्या इंजिनाला १.८ चे फ्लायव्हील बसते, त्यामुळे फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट असा पूर्ण संच १.८ चा घेता येतो. दाब आणि अस्तर तेच ठेवले, तरी निव्वळ त्रिज्येमुळे क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते आणि झीज मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते. त्याहून अधिक लागत असेल तर जास्त दाबाची प्रेशर प्लेट, पण अस्तर ऑरगॅनिकच. सिरॅमिक हा शेवटचा पर्याय.

क्लचच गेला आहे, हे कसे ओळखावे?

वरच्या गिअरमध्ये कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. पण गिअर टाकताना, विशेषतः रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल, तर क्लच नीट सुटत नाही, असा अर्थ. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक आहे आणि त्याचा स्लेव्ह सिलिंडर गळणे हे तिचे जुने दुखणे. तो सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर असतो, थोड्या खर्चात बदलता येतो. हे न तपासता क्लच बदलणारे गॅरेज शहाणे नव्हे.

पैसे नेमके कशात वाचवू नयेत?

एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी लांब चौकट असते. ती आणि प्रॉपेलर शाफ्ट काढल्याशिवाय गिअरबॉक्स उतरत नाही. त्यामुळे बिलातला मोठा वाटा मजुरीचा असतो. एवढे उघडल्यावर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील जुनेच ठेवणे म्हणजे तीच मजुरी पुन्हा देण्याची तयारी. फ्लायव्हीलचा पृष्ठभागही घासून सपाट करून घ्यावा. नवा क्लच बसल्यावर पहिले काही शे किलोमीटर सांभाळून चालवावे. आणखी एक, अधिक गंभीर मुद्दा. जुन्या क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली तीच १९९९ मध्ये. म्हणून आतली धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

शेवटी काय निवडावे?

माझे मत स्पष्ट आहे. इंजिन मूळचे असेल, तर क्लचही मूळच्या मोजमापाचा, ऑरगॅनिक अस्तराचा, नामांकित उत्पादकाचा घ्यावा. जपानची एक्सेडी हे त्यातले परिचित नाव. याच कंपनीचा कारखाना आपल्या छत्रपती संभाजीनगरातही आहे. जुनी स्पोर्ट्स कार टिकते ती चालवल्याने. पेडल जड झाले, रहदारीत पाय भरून येऊ लागला, की मालक ‘आज नको’ म्हणतो, मग ‘या महिन्यात नको’ आणि शेवटी गाडी आच्छादनाखाली जाते. एमएक्स-५ ची ख्याती ताकदीसाठी कधीच नव्हती. सुमारे एक टन वजनाच्या त्या गाडीचे कौतुक झाले ते तिच्या हलकेपणाचे. क्लच निवडताना तो हलकेपणा पायाखाली राहील, एवढे पाहिले तरी पुरे.