औषधाची खरी परीक्षा विक्रीनंतर

१७ ते २३ सप्टेंबर हा राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स सप्ताह, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याची आठवण देणारा आठवडा. वैद्यकीय महाविद्यालयांत या काळात व्याख्याने होतात, फलक लागतात. परंतु रोज मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला त्याची गंधवार्ताही नसते. खरे तर या कामाचा पाया तोच आहे.

नवे औषध बाजारात येण्याआधी सहसा फार तर काही हजार माणसांवर तपासले जाते. गर्भवती, अतिवृद्ध, मूत्रपिंड अधू झालेले रुग्ण बहुधा त्यातून वगळलेले असतात. तीन हजार जणांत एखादा घातक परिणाम एकदाही दिसला नाही, तरी तो हजारात एकाला होण्याची शक्यता संख्याशास्त्र नाकारू शकत नाही. तेच औषध एक कोटी लोकांनी घेतले, तर ही शक्यता दहा हजार माणसांची होते.

थॅलिडोमाइडने हे जगाला फार क्रूरपणे शिकवले. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत निर्धोक म्हणून विकायला आलेले हे झोपेचे औषध गर्भवतींना मळमळीवरही दिले गेले. हातापायांची वाढ खुंटलेली बालके जन्मू लागली. जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी १९६१ मध्ये धोक्याची जाहीर सूचना दिली, तोवर हजारो कुटुंबांचे नुकसान होऊन गेले होते. त्यानंतरच देशोदेशी दुष्परिणाम नोंदवण्याच्या यंत्रणा उभ्या राहिल्या. भारताचा सध्याचा असा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला.

मात्र नुसती नोंद पुरत नाही. शंभर जणांना त्रास झाला हा अंश झाला. औषध किती जणांनी घेतले आणि न घेणाऱ्यांत तोच त्रास किती होता, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. हा छेद लोकसंख्येच्या अभ्यासातून मिळतो. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या आरोग्यनोंदी एका क्रमांकाने जोडलेल्या आहेत. त्यामुळेच तेथे ६,५७,४६१ मुलांची माहिती तपासून गोवर-गालगुंड-रुबेला लसीने स्वमग्नता वाढत नाही, असे २०१९ मध्ये ठामपणे सांगता आले. दोषी औषध पकडणे आणि निर्दोष लसीवरचा आळ दूर करणे, ही दोन्ही कामे याच शास्त्राची.

लोकसंख्येचे असे अभ्यास श्रीमंत देशांनाच जमतात असे नाही. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत सुरू झाली. पुढे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या सहभागाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा जवळपास निम्मे होते. तुलनेच्या गटातील स्त्रियांना ही तपासणी मिळाली नव्हती. त्यांचे ऋण या ज्ञानावर कायमचे आहे, आणि ते फेडण्याचा एकच मार्ग आहे: ही तपासणी खेड्यापाड्यांतल्या प्रत्येक स्त्रीपर्यंत नेणे.

म्हणून या सप्ताहात काही मागण्या ठामपणे मांडायला हव्यात. दुष्परिणाम कळवणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे, ही खात्री डॉक्टरांना आणि परिचारिकांना शासनाने द्यावी. औषधविक्रेत्यांनी बॅच क्रमांकासह बिल द्यावे; त्याशिवाय सदोष साठ्याचा माग लागत नाही. रुग्णालयांच्या नोंदी, नावे गुप्त राखून, संशोधनासाठी जोडल्या जाव्यात. आणि त्यातून निघालेले निष्कर्ष मराठीत, गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचावेत.

नागरिकांनीही गोळी घेतल्यावर अंगावर चट्टे उठले, चक्कर आली किंवा श्वास अडखळला, तर डॉक्टरांना ताबडतोब सांगावे आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. पुरावा लागत नाही, संशय पुरेसा आहे. आज घरातल्या कपाटातली बहुतेक औषधे आपण विश्वासाने घेऊ शकतो, ते कुणीतरी कधीतरी असा त्रास वेळेवर कळवला म्हणून. पुढच्या रुग्णासाठी तेवढे करणे हे आपले कर्तव्यच आहे.